पोत्यातले दोन सायलेन्सर

इवाई, तुम्ही गेलात तेव्हा तुमची गाडी माझ्या अंगणात उभी होती. चाकांना दगड लावलेले, बॉनेटवर माझ्या गोठ्यातली ताडपत्री, आणि खाली सायलेन्सर नाही. मागच्या सीटवर एक पोतं, पोत्यात दोन सायलेन्सर. एक मोठ्या आवाजाचा, एक दबक्या आवाजाचा. त्यातला कोणता लावायचा ते ठरवायला म्हणून तुम्ही खामगावहून सोनाळ्याला आला होता. दिवसभर भांडलो, ठरलं काहीच नाही, आणि संध्याकाळच्या एसटीनं ‘उद्या येतो’ म्हणून परत गेलात. उद्या येतो म्हणणारा माणूस असं करतो का?

लोक भेटायला येतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. याच्या मुलीचा, सुमनचा सासरा गेला, नुसता व्याही नव्हता, दोघांचं भावाभावासारखं होतं, असं आपसात बोलतात. त्यांना वाटतं मी रडेन. मला रडू येत नाही. खरं सांगायचं तर काहीच येत नाही. जेवतो, संत्र्याला पाणी देतो, विहिरीवरचं इंजिन चालू करतो, बंद करतो. कोणी काही विचारलं तर त्याला दोनदा विचारावं लागतं. परवा सुमनची आई वैतागून म्हणाली, “तुमीबी इवायासारखे बहिरे झाले का जी?” म्हणाली आणि जीभ चावली. मला तिचा रागसुद्धा आला नाही. एरवी मी किती तापट आहे, तुम्हाला माहीतच आहे.

तो शब्द तुमच्या-माझ्यात कधी निघाला नाही, इवाई. आता काढतो. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. उभी हयात तेलगिरणीच्या धडधडीत गेली, कान तिथेच संपले. माझ्या जावयाला, प्रभाकरला माहीत होतं, त्याच्या आईला, इहीनबाईंना माहीत होतं, तुम्हाला तर होतंच होतं. पण कोणी बोलत नव्हतं. कारण एकदा ते बोललं की पुढचं वाक्य ठरलेलं होतं: मग आता गाडी चालवणं बंद करा. आणि ते वाक्य तुमच्या तोंडावर म्हणायची हिंमत घरात कोणाची नव्हती.

केवढी होती ती गाडी! जिनिंगच्या शेठजींनी टाकून दिलेली, आठ सिलिंडरची, अमेरिकेची, काळीकुट्ट आणि लांब नाकाची. खामगावातली पोरं तिला रेडा म्हणत आणि तुम्हाला ते नाव मनापासून आवडायचं. चढावर माणसांनी भरलेली असली तरी ती गिअर बदलायला लावत नसे. “इवाई, हिच्या अंगात रग हाय,” तुम्ही म्हणायचे, आणि स्वतःच्याच छातीवर हात मारायचे. तिच्या डॅशबोर्डावरचे काटे केव्हाच मेले होते. तुम्ही ती कानानं चालवत होता. आवाज चढला की गिअर, आवाज दबला की पाय. कान जायला लागले तेव्हा एका पायातला जोडा काढून ठेवायला लागलात, तळपायाला थरथर कळावी म्हणून. मी शेजारी बसून ते बघत होतो आणि खिडकीतून बाहेर पाहिल्यासारखं करत होतो.

मग जुना सायलेन्सर सडायला लागला. आधी एक भोक, मग दोन, मग पत्र्याची नुसती जाळी. जसजसा तो फुटत गेला तसतसे तुम्ही खुशीत येत गेलात. कारण तुम्हाला गाडी पुन्हा ऐकू यायला लागली होती. इकडे प्रभाकरच्या जिवाला घोर. तो मला एकट्याला गाठून म्हणाला, “मामा, आता दबक्या आवाजाचाच सायलेन्सर बसवा. बाबाले आवाज आला नाई का ते आपोआप गाडी ठेवतीन. तुमचं आयकतात ते.” माझं ऐकतात म्हणे! मी मुलीचा बाप. मुलाच्या बापाला ‘तुम्ही बहिरे झालात’ असं मुलीचा बाप कोणत्या तोंडानं सांगेल? पण त्या गाडीत माझी सुमन बसत होती. माझी नात बसत होती. तेव्हा मी तुमच्याशी कानाबद्दल नाही बोललो, सायलेन्सरबद्दल भांडलो. तुम्हीही सायलेन्सरबद्दलच भांडलात. आपण दोघं नेमकं कशावर भांडतो आहोत ते दोघांनाही ठाऊक होतं.

एरवी मी तुमच्यापुढे कुठे ताठ उभा राहिलो होतो? मुलगी दिली त्या दिवसापासून मान खाली घालायची, ही आपल्याकडची रीत. सणावाराला तुम्ही आधी जेवायचं, मी नंतर. बैलगाडीत तुम्ही पुढे, मी मागे. सगळं केलं. एका सायलेन्सरच्या बाबतीत तेवढा मी वाकलो नाही, आणि तुम्हाला त्याचीच मजा वाटायची. “आज मले माह्या जोडीचा माणूस भेटला,” म्हणायचे आणि पुढचा मुद्दा काढायचे.

सुमनला बघायला तुम्ही आला होता तो दिवस मला आज पुन्हा पुन्हा का आठवतो कोण जाणे. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, आणि मला माझ्या मुलीच्या लग्नाशिवाय काही सुचत नव्हतं. दोन-चार ठिकाणांहून नकार आले होते. मुलगी चांगली आहे, नाकीडोळी नीटस आहे, पण आवाज भारी मोठा, असं प्रत्येकानं सांगितलं. मोठा नसेल तर काय होईल? लहानपणापासून बागेत इंजिन चालू असताना तिला मला हाका मारायची सवय. तुम्ही आलात त्या दिवशी तिच्या आत्यांनी तिला बजावून ठेवलं होतं, हळू बोल बाई, ओठातल्या ओठात बोल. ती बिचारी तसं बोलली. आणि तुम्ही आपले, “काय? काय म्हनते पोरगी?” पुन्हा ती हळू. पुन्हा तुम्ही, “काय म्हने?” शेवटी पोरीचं डोकं फिरलं.

“सुमन! सुमन नाव हाय माह्यं!”

बश्यांवरचे कप हलले. माझ्या मोठ्या भावानं डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, गेलं हेही स्थळ. आणि तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. “बाप्पा! या बैठकीत पयल्यांदा कोनीतरी माणसासारखं बोललं. पोरगी पसंत हाय.” त्या वेळी मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. पुढे तुमच्या कानांचं लक्षात आलं तेव्हा थोडं हसू आलं. पण मन मोठं होतं ते होतंच, इवाई. ऐकू न येणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. जगाला नको असलेला आवाज हौसेनं घरी नेणारे तुम्हीच. आणि तो आवाज तुमच्या घरात एक दिवससुद्धा कोणी दाबला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. मुलीचा बाप आभार मानायला लागला की लाचार दिसतो, असं मला वाटायचं.

लग्नात मानपानाचं विचारलं तर तुम्ही एकच गोष्ट मागितली: वरातीत गाडी बॅंडच्या पुढे चालेल. झालं! ऐन वेशीत पाइपाचा जोड सुटला. असा आवाज सुटला की बॅंडमास्तर तोंडानं पिपाणी फुंकतोय आणि ती त्याची त्याला ऐकू येत नाही. दोन बैल दावं तोडून पळाले. आपल्याकडे लग्नात वरबाप रुसतो. तुमच्या मुलाच्या लग्नात बॅंडमास्तर रुसला, आणि वरबाप त्याची समजूत काढत फिरत होता.

आता करीमभाईंच्या दुकानातलं जसंच्या तसं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणणार, इवायानं फिरवून सांगितलं. तसं नको. खामगावात त्यांचं जुन्या मोटारींच्या सामानाचं दुकान, तिथे आपण दोघं गेलो. तुम्ही आत शिरल्याबरोबर ट्रकच्या सायलेन्सरवर हात ठेवला. “हा द्या.” करीमभाई हसून म्हणाले, “सेठ, ये लगाओगे तो रपटे पे गाडी का पेट घिसेगा.” लांबी जास्त होती, नदीवरच्या बुडत्या पुलाला खालून घासला असता. तो बाद झाला. मग दोन उरले. एक चपटा, डब्यासारखा, आत पडदे असलेला. धूर आत जातो, दोन-तीन येरझारा घालतो, दमतो, मग बाहेर पडतो. दुसरा गोल, आरपार नळीचा. नळीला बारीक भोकं आणि भोवती काचेची लोकर ठासलेली. धूर सरळ जातो, आवाजाची फक्त धार मोडते, गाज राहते.

मी चपट्यावर बोट ठेवलं. तुम्ही दोन्हींच्या तोंडात बोटं घालून पाहिली. “इवाई, तुमच्याचं तोंड आपल्या पाइपाहून लहान हाय. इंजिनाचा दम कोंडीन.”

“जोड करून घेता येते न जी.”

“जोड केला तरी दम कोंडते. तुमच्या विहिरीवरच्या इंजिनाले तुमी बारीक पाइप लावला होता, तवा काय झालं होतं, सांगू का करीमभाईले?”

काय झालं होतं ते मला माहीत होतं. इंजिन तापून अडकलं होतं आणि ऐन उन्हाळ्यात बाग वाळायला आली होती. मुद्दा बिनतोड होता. पण मला डोळ्यांपुढे तुमचं इंजिन दिसत नव्हतं, मागच्या सीटवर पोरीला मांडीवर घेऊन बसलेली सुमन दिसत होती. मी म्हटलं, काही झालं तरी चपटाच. तुम्ही म्हटलं, गोलच. करीमभाईंचा चहा थंड झाला. शेवटी त्यांनीच हात जोडले. “दोनो ले जाओ बाबा. लगा के देखो. जो जमे वो रखो, दुसरा वापस लाना.” आणि दोन्ही पोत्यात घालून दिले.

ते पोतं घेऊन तुम्ही त्या दिवशी एकटे निघालात. प्रभाकर गिरणीत होता, नाहीतर त्यानं सोडलं नसतं. पूर्णेच्या रपट्यावर जुन्या सायलेन्सरनं दम तोडला. पडला तो पाण्यातच. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाही म्हणे. तुम्ही शेजारच्या टुनकीच्या अलीकडे असतानाच मला इकडे बागेत आवाज आला. उघड्या पाइपाचा आठ सिलिंडरचा आवाज! अख्खा सोनाळा दारात आला. तुम्ही खाली उतरलात तो चेहरा मला अजून दिसतो. “इवाई, आज इंजिन कसं मोकयं बोलून राह्यलं, पाहा!”

कडुनिंबाखाली बाज टाकली. जेवण झालं. भाकरी, ठेचा, झुणका. तुम्ही दोनदा ठेचा मागून घेतला. मग पोतं सोडलं आणि दोन्ही सायलेन्सर बाजेवर मध्ये ठेवले, सोयरिकीला बसवलेल्या पोरींसारखे. मी सुरुवात केली. घरात लहान लेकरू आहे, ते दचकतं. तुम्ही म्हणालात, “माही नात रेड्याच्या आवाजाबिगर झोपत नाई.” हे खरं होतं. मी म्हटलं, इहीनबाईंना त्रास होतो. तुम्ही म्हणालात, “तिले? नाक्यावरून आवाज आला का ती तांब्या भरून फाटकाशी येते. आवाज नाई आला तर मले पाणी कोन देईन?” हेही खरं होतं. लग्न झाल्यापासून त्यांची ती पद्धत. गाडी यायच्या आधी तांब्या फाटकात.

मग मी शेवटचा काढला. “गावातले लोक काय म्हनतीन जी? शहाणा माणूस अन् असा आवाज करत हिंडते?”

तुम्ही गोल सायलेन्सर मांडीवर घेतला होता. त्यावरून हात फिरवत म्हणालात, “लोकायले माहा आवाज आला तर ते बाजूले होतात, इवाई. मले त्यायचा नाई आला तर...”

आणि थांबलात.

मी समोर होतो. एवढंच म्हणायचं होतं मला, हाव, मले माहीत हाय. तुमच्या मनात काय आहे ते माहीत आहे, आणि तुमचं बरोबर आहे. दुसऱ्याच्या मोटारीचा भोंगा तुम्हाला ऐकू येणार नाही, तर निदान तुमची गाडी दुसऱ्याला ऐकू यावी. एवढा साधा हिशेब तुम्ही कधीचा मांडून ठेवला होता. आम्ही सगळे समजत होतो, म्हातारा हौसेपायी हट्ट करतो. मी संत्र्याच्या बागेकडे बघितलं आणि विचारलं, “चहा घेता?” तुम्ही म्हणालात, “ठेवा.”

सायंकाळी स्टॅंडवर सोडायला आलो. सायलेन्सरशिवाय गाडी परत नेऊ नका एवढं मात्र तुम्ही मानलंत. एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणालात, “मोठ्या आवाजाचा लावून ठेवा. उद्या येतो.”

मी म्हटलं, “बघू.”

“तुमचं बघू म्हंजे नाईच असते!” असं म्हणून हसलात, आणि गाडी सुटली. माझा तुमच्याशी बोललेला शेवटचा शब्द हा. बघू.

दुसऱ्या दिवशी जेवून जरा पडलात. एसटीला वेळ होता. वेळ झाल्यावर सुमननं हाक मारली, मामंजी, एसटी चुकीन. मग जवळ येऊन मारली. मग ओरडली. शेजारची माणसं भिंतीवरून डोकावली. तिच्या हाकेला तुम्ही ओ दिली नाही असं त्या घरात कधी झालं नव्हतं. मी खामगावला पोचलो तेव्हा तिनं मला हे सगळं सांगितलं, आणि ती इतक्या हळू बोलत होती की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. माझी सुमन. हळू बोलत होती. तेव्हा मला पटलं की तुम्ही गेलात. त्या आधी अंगणात तुम्हाला झोपवलेलं पाहिलं होतं, पाय धरले होते, पण पटलं नव्हतं.

दहाव्याला पूर्णेच्या काठावर गेलो. पिंड ठेवायचा, बाजूला व्हायचं, आणि कावळ्याची वाट बघायची. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही, मग घरची माणसं हात जोडून एकेक कबूल करतात, हे करू, ते करू, तुम्ही काळजी करू नका. मी रस्ताभर मनात सगळं लावून ठेवलं होतं. तुम्ही सुखासुखी मानणार नाही, एवढी खात्री होती. आधी प्रभाकर म्हणेल, आईला सांभाळीन. कावळा येणार नाही. मग म्हणेल, गिरणी चालू ठेवीन. तरी येणार नाही. भटजी इकडे तिकडे बघायला लागतील. ऊन चढेल. मग मी पुढे होईन आणि सगळ्या सोयऱ्यांसमोर मोठ्यानं म्हणेन, हाव इवाई, मोठ्या आवाजाचाच लावतो. आणि मग कावळा येईल. हसू नका. मी नदीत चूळसुद्धा भरून घेतली होती, घसा मोकळा असावा म्हणून.

पिंड ठेवला. आम्ही नीट मागेसुद्धा सरलो नव्हतो. बाभळीवरून कावळा आला, बसला आणि खायला लागला.

“सुटले,” कोणीतरी म्हणालं. “पुण्यवान माणूस. काही मनात नव्हतं.” प्रभाकर रडायला लागला. सगळ्यांना बरं वाटलं. मी तिथे उभा होतो, तोंडात ते ‘हाव’ तसंच. आणि मला तुमचा इतका राग आला, इवाई, की काय सांगू. जन्मभर साध्या साध्या गोष्टीवर माझ्याशी वाद घातलात, आणि शेवटचा वाद मी हरायला तयार होऊन आलो तर तुम्ही थांबलासुद्धा नाहीत? एवढी काय घाई होती? तुमच्या मनात काही राहिलं नव्हतं म्हणे. माझ्या राहिलं होतं त्याचं काय? जिवंत माणसासाठी कावळा कोण बोलावतो?

राग आला तो तेवढाच. घरी येईपर्यंत पुन्हा सगळं बधिर. हात धुतले, जेवलो.

तेरावं आटोपलं आणि प्रभाकर गाडी न्यायला सोनाळ्याला आला. ताडपत्री काढली. पोतं काढून दोन्ही सायलेन्सर ओसरीवर ठेवले. तो दोन्हींकडे बघत म्हणाला, “आता कोनताई लावा, मामा. काय फरक पडते?”

“फरक काऊन नाई पडत?” मी असा ओरडलो की आतून सुमनची आई धावत आली. “फरक काऊन नाई पडत बे? तुह्या बापानं मरेपर्यंत त्याच्यासाठी डोकं खाल्लं माह्यं, अन् तू म्हनतं फरक नाई पडत?” जावयाला ‘बे’ म्हणालो, इवाई. आपल्या अंगणात आलेल्या जावयाला. सुमनची आई तोंडाला पदर लावून उभी राहिली. प्रभाकरनं सदरा काढला, खुंटीला टांगला, आणि पाना घेऊन गाडीखाली गेला. मीही पोतं अंथरून त्याच्या शेजारी गेलो.

गोल सायलेन्सर पाइपात असा बसला जणू त्या गाडीसाठीच केला होता. तुम्ही बोटं घालून बघितलं होतं ते अगदी बरोबर होतं. तोंडाला तोंड जुळलं. लोहाराकडून दोन पट्ट्या आणल्या, जुन्या टायरचा तुकडा कापून टांगायला घेतला, म्हणजे रपट्यावर हादरा बसला तरी सुटणार नाही. काम चाललं असताना प्रभाकर एकदाच बोलला. “मामा, आमाले माहीत हाय हे बाबाले माहीत होतं का?” मी म्हटलं, तो नट घट्ट कर. मग म्हटलं, माहीत होतं. तो घट्ट करत राहिला.

गाडी चालू केली. जुन्या फुटक्या सायलेन्सरसारखा फाटका आवाज नव्हता तो. भरदार होता. बाजूला उभं राहिलं तर बरगड्यांना कळत होता. मी कानांवर हात ठेवून बघितलं, इवाई. कान बंद करूनही येत होता.

खामगावच्या वाटेवर मी नेहमीच्या जागी बसलो, ड्रायव्हरशेजारी. वाटेतल्या शेतांत माणसं निंदत होती. आवाज आला की वाकलेली माणसं वर न बघताच हात वर करायची. तुम्हीच आहात असं समजून. कोण हाक मारतं ते तुम्हाला ऐकू येत नसे, म्हणून तुम्ही सगळ्यांनाच हात करत जायचे, ते मला माहीत होतं. प्रभाकरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. तेव्हा मग मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि वर धरला. शेगाव येईपर्यंत धरून होतो. नंतर दुखायला लागला तेव्हा आत घेतला.

नाका ओलांडला आणि तुमच्या गल्लीत वळलो, तेव्हा मला ते दिसलं. आधी का सुचलं नाही मला? गाडीखाली पडून नट आवळत होतो तेव्हा सुचायला हवं होतं. तुमचं फाटक उघडं होतं, आणि फाटकात इहीनबाई उभ्या होत्या. हातात भरलेला तांब्या. पीठ लागलेलं मनगट, डोक्यावरचा पदर घाईनं घेतलेला. आवाज ऐकून सवयीनं उठून आल्या होत्या.

प्रभाकरनं इंजिन बंद केलं. त्यांनी आधी त्याच्या सीटकडे बघितलं. मुलगा दिसला. मग माझ्याकडे बघितलं. तांब्यातलं पाणी हललं, थोडं पायरीवर सांडलं. मला वाटलं, आता त्या कोसळतील, आणि हे मी केलं. तुम्हाला कबूल करायचं म्हणून आणलेला आवाज मी त्यांच्या दारात आणून सोडला होता. मी खाली उतरलो. सुमन आतून आली आणि सासूच्या मागे उभी राहिली.

इहीनबाईंनी तांब्या माझ्यापुढे धरला. मी घेतला, पाय धुतले. त्या गाडीच्या मागे गेल्या, वाकून नव्या पाइपाकडे बघितलं, आणि त्याच्याजवळ हात नेला, चुलीवरच्या भांड्याजवळ नेतात तसा. गरम होता. तिथेच उभ्या राहून त्यांनी मला विचारलं. त्या घरात ती गोष्ट पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली गेली, आणि ती त्यांनीच बोलली.

“हा त्यायले आयकू आला असता न, भाऊ?”

“हाव,” मी म्हटलं.